प्राचीन विचारवंत अस्तित्ववादी होते का? अवतरण कुठे तोडलंय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : बुद्ध, सॉक्रेटिस, बायबलमधला दुःखाचा डोंगर कोसळलेला ईयोब, येशू, रणांगणावर धनुष्य टाकून बसलेला अर्जुन आणि आपले तुकोबा, या सगळ्यांनी मृत्यू, दुःख, एकटेपण आणि निवड यांवर इतकं बोलून ठेवलं आहे, तर त्यांना अस्तित्ववादी म्हणायला हरकत काय? अस्तित्ववाद म्हणजे, ढोबळमानानं, माणसाचं प्रत्यक्ष जगणं, त्याची निवड आणि त्या निवडीची जबाबदारी यांना केंद्रस्थानी ठेवणारी आधुनिक युरोपीय विचारधारा. तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि हा प्रश्न कोणी विचारला नाही असं वर्ष आठवत नाही. माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण त्या 'नाही'साठी सहसा जे कारण पुढे केलं जातं ते मला लंगडं वाटतं, आणि एका ग्रंथापाशी माझं 'नाही' डळमळतं. ते शेवटी सांगतो.

सहसा पुढे केलं जाणारं कारण कालविपर्यासाचं. अस्तित्ववाद हा शब्द विसाव्या शतकातला, तो अडीच हजार वर्षं मागे कसा न्यायचा? ऐकायला बिनतोड वाटतं, पण हाच निकष काटेकोरपणे लावला तर अस्तित्ववादात जवळपास कोणीच उरत नाही. हे बिरुद 1940च्या दशकात फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेलनं आपला देशबंधू, लेखक-तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्रला चिकटवलं. सार्त्रनं आधी ते झटकलं, आणि मग 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमधल्या त्या गाजलेल्या व्याख्यानात स्वतःच मिरवलं. त्याच व्याख्यानात त्यानं दोन गट पाडले : जर्मन तत्त्वज्ञ यास्पर्स आणि मार्सेल हे ख्रिस्ती, दुसरा जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर आणि तो स्वतः निरीश्वरवादी. हायडेगरनं 1947 मध्ये छापलेल्या एका लांबलचक पत्रातून या सगळ्यातून अंग काढून घेतलं. फ्रेंच लेखक कामूनं तर 1945 मध्येच मुलाखतीत सांगून टाकलं होतं की मी अस्तित्ववादी नाही. खुद्द मार्सेललाही पुढे ते नाव नकोसं झालं. अस्तित्ववादाचे पूर्वज मानले जाणारे दोघे, डेन्मार्कचा किर्केगार्ड 1855 मध्ये वारला, जर्मन नीत्शे 1900 मध्ये. दोघांच्याही कानांवर हा शब्द कधी पडला नव्हता. म्हणजे नाव राजीखुशीनं वागवणारी ठळक माणसं दोनच, सार्त्र आणि त्याची सहचरी, लेखिका सिमोन द बोव्हुआर. माणूस गेल्यावर त्याला नाव देणं किर्केगार्डच्या बाबतीत चालतं आणि सॉक्रेटिसच्या बाबतीत चालत नाही, याला तर्काचा आधार काय? काहीच नाही.

दुसऱ्या टोकाला विषयांची यादी घेऊन बसणारे लोक असतात. मृत्यू, चिंता, निरर्थकता, एकटेपण, स्वातंत्र्य. यांतले तीन सापडले की मारला शिक्का. उत्तरपत्रिकांत हे वाक्य मी असंख्य वेळा वाचलंय : 'बुद्ध दुःखाविषयी बोलतो, म्हणून तो अस्तित्ववादी होय.' मरणाविषयी न बोललेला धर्म मला दाखवा. ज्या निकषात सगळेच पास होतात, तो निकष कोणाविषयीच काही सांगत नाही.

मग धरायचं काय? ईश्वर मानणं किंवा न मानणं हा निकष चालणार नाही, कारण किर्केगार्ड हाडाचा ख्रिस्ती होता आणि त्याला वगळून अस्तित्ववादाचा इतिहास लिहिताच येत नाही. मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारायला सांगतो : माणूस निवडीच्या क्षणी उभा राहतो, तेव्हा आधीच ठरलेलं आणि त्याला कळू शकेल असं काही त्याच्या पाठीशी आहे का? विश्वाची व्यवस्था असेल, स्वभाव असेल, धर्म असेल, विवेकबुद्धी असेल किंवा मुक्तीचा आखून दिलेला मार्ग असेल. सार्त्र म्हणतो, असं काहीही नाही. अस्तित्व आधी, सत्त्व (माणूस म्हणजे काय ते ठरवणारं सार) नंतर, तू करशील तोच तू. किर्केगार्ड म्हणतो, ईश्वर आहे, पण त्याच्यापाशी पोचल्याची हमी देणारा सर्वमान्य नियम नाही. उडी ज्याची त्यानं मारायची. श्रद्धेनं निराशा सुटते असं तोही मानतो, पण ती सुटका एकदाची पदरात पडून विषय मिटला असं त्याच्याकडे होत नाही. ते काम रोजच नव्यानं करावं लागतं.

हा प्रश्न हातात घेऊन मूळ ग्रंथ उघडले की एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. प्राचीनांचं जे वाक्य 'अगदी अस्तित्ववादी' म्हणून मिरवलं जातं, ते बहुतेक वेळा उत्तराच्या ओळीआधी किंवा उत्तराच्या ओळीनंतर कापून घेतलेलं असतं. म्हणून वाक्य कोणाचं आहे यापेक्षा ते कुठे तोडलं आहे हे मी आधी बघतो.

अर्जुनाचंच घ्या. सार्त्रनं त्या व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. थोरला भाऊ 1940च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, वडिलांचा कल शत्रूशी हातमिळवणीकडे, आईला आधार फक्त या धाकट्याचा. त्यानं आईजवळ राहावं की इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हावं? सार्त्र म्हणतो की ख्रिस्ती शिकवण इथे उपयोगी पडत नाही, कांटची नीती पडत नाही, भावनेचा कौलही नाही. तू स्वतंत्र आहेस, निवड. आता गीतेचा अठरावा अध्याय, त्रेसष्टावा श्लोक : 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु'. याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की वर्गात हमखास कोणीतरी म्हणतं, सर, कृष्ण तर सार्त्रच्या दोन हजार वर्षं आधी तेच म्हणाला.

आता चारच श्लोक मागे जा. एकोणसाठाव्या श्लोकात कृष्ण म्हणतो, अहंकारानं तू 'लढणार नाही' म्हणतोस तो निश्चय खोटा आहे, 'प्रकृतिस्त्वां नियोक्ष्यति', तुझी प्रकृतीच तुला लढायला लावील. साठाव्यात : मोहानं जे टाळू बघतोस ते स्वभावजन्य कर्मानं बांधलेला तू 'अवशोऽपि', नाइलाजानंसुद्धा करशील. एकसष्टाव्यात ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून यंत्रावर चढवल्यासारखं भूतमात्राला फिरवतो. हे सगळं सांगून झाल्यावर 'यथेच्छसि तथा कुरु' येतं. सार्त्रच्या विद्यार्थ्याला असं काहीही ऐकवलं गेलेलं नाही. आणि अर्जुनाचं उत्तर? 'करिष्ये वचनं तव'. तू सांगशील ते करीन. सार्त्रला हे वाक्य ऐकवलं असतं तर त्यानं त्याला आत्मवंचनेचा नमुना म्हणून वहीत टिपून ठेवलं असतं.

पण इथे एक गोष्ट मला खरोखर विचारात पाडते. त्याच व्याख्यानात सार्त्र म्हणतो की सल्लागार निवडणं हीच निवड असते. धर्मगुरूकडे गेलात म्हणजे कसला सल्ला हवा हे साधारण ठरवूनच गेलात. हे अर्जुनाला चपखल लागू पडतं, फक्त गीतेत नाही. ते उद्योगपर्वात, युद्धाआधी. एका बाजूला नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण, आणि अर्जुन कृष्णाला मागून घेतो. त्या वेळी कोणी उपदेश केलेला नाही, विश्वरूप दाखवलेलं नाही, पारड्यात टाकायला फायदा दिसत नाही. अर्जुनाविषयी अस्तित्ववादी निबंध लिहायचाच असेल तर पहिल्या अध्यायातल्या विषादावर लिहू नका, या प्रसंगावर लिहा. अर्थात महाभारत स्वतः त्या प्रसंगाकडे त्या दृष्टीनं बघत नाही.

बुद्धाबद्दलचा दावा सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या त्रेसष्टाव्या सुत्तात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू हट्टाला पेटतो : जग शाश्वत आहे की अशाश्वत, तथागत (म्हणजे बुद्ध) मरणानंतर असतो की नसतो, हे सांगा, नाहीतर मी चाललो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत देतो. तो माणूस म्हणतो, बाण मारणाऱ्याची जात, नाव, उंची, वर्ण आणि धनुष्याचा प्रकार कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. तो तसाच मरेल. जग शाश्वत असो वा नसो, जन्म आहे, जरा आहे, मरण आहे, शोक आहे. विश्वाविषयीच्या सिद्धांतांकडे पाठ फिरवून जगणाऱ्या माणसाच्या प्रत्यक्ष स्थितीला हात घालणं ही चाल किर्केगार्डनं सर्वव्यापी सिद्धांत रचणाऱ्या हेगेलविरुद्ध केलेल्या चालीच्या फार जवळ जाते. कायमचा असा 'मी' नाही, या बौद्ध अनात्मवादाचंही तसंच. 1936च्या सुमारास सार्त्रनं लिहिलेल्या एका निबंधाचं म्हणणं असं की 'मी' नावाची वस्तू जाणिवेच्या आत बसलेली नसतेच. बौद्ध दर्शन शिकलेल्या माणसाला ते वाचताना ओळखीचं काहीतरी भेटतं.

दोघांची फारकत होते ती तिसऱ्या आर्यसत्यापाशी. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, इथवर दोघं बरोबर चालू शकतील. दुःखाचा निरोध आहे आणि त्याचा मार्ग आठ अंगांचा आहे, हे ऐकल्यावर सार्त्र उठून जाईल. 1943च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात माणूस हा मुळातच एक उणीव आहे, स्वतःचा पाया स्वतः होण्याची त्याची धडपड कधीच यशस्वी होत नाही, आणि म्हणून तो एक 'व्यर्थ वासना' आहे, असा निष्कर्ष निघतो. बुद्धाच्या लेखी ही तृष्णा म्हणजे रोग आहे, आणि रोग बरा होतो. स्वातंत्र्याचा अर्थही उलटतो. सार्त्रला स्वतःला घडवण्याचं स्वातंत्र्य टाळता येत नाही. बुद्धाला स्वतःला घडवत राहण्याच्या सवयीतूनच सुटायचं आहे. 'अत्तदीप' व्हा, स्वतःचा आधार स्वतः व्हा, हे महापरिनिब्बान सुत्तातलं वचन व्यक्तिस्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून छापलं जातं. तिथेही त्याच दमात 'धम्मदीप' आहे. तो शब्द बहुधा गळतो.

सॉक्रेटिसवर फार वेळ घालवत नाही, कारण तिथे अस्तित्ववाद्यांचंच एकमत नाही. किर्केगार्डनं 1841चा आपला प्रबंध त्याच्या उपरोधावर लिहिला आणि आयुष्यभर त्याला गुरुस्थानी मानलं. नीत्शेनं 1872च्या पहिल्याच पुस्तकात त्याला ग्रीक शोकांतिकेचा मारेकरी ठरवलं. माझं मत नीत्शेच्या बाजूला झुकतं. जाणूनबुजून कोणी वाईट वागत नाही, ही सॉक्रेटिसची श्रद्धा. चांगलं काय ते कळलं की माणूस ते करतो. अस्तित्ववादाचा सगळा मुक्काम मात्र कळणं आणि करणं यांच्यामधल्या दरीत आहे. स्टोइक या ग्रीक-रोमन पंथातल्या मंडळींना तर या यादीत घालूच नये. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे त्यांच्यातला एपिक्टेटस सुंदर सांगतो, पण त्याचं विश्व आरपार विवेकमय आहे. त्यात परकं वाटायला जागाच नाही.

बायबलमधल्या अब्राहामाची गोष्ट वेगळी आहे. तो अस्तित्ववाद्यांचा आवडता का, हे समजून घ्यायचं तर उत्पत्तीच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय स्वतः वाचा. मुलाचा, इसहाकाचा, बळी दे, अशी देवाची आज्ञा होते. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, दोन चाकर आणि इसहाकाला घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी ती जागा लांबून दिसते. तीन दिवसांत त्याच्या मनात काय चाललं होतं यावर मूळ ग्रंथात एक शब्द नाही. इसहाक विचारतो, होमासाठी कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, ते देव बघून घेईल. पुन्हा शांतता. 1843 मध्ये किर्केगार्डनं टोपणनावानं जे पुस्तक लिहिलं ते या मोकळ्या सोडलेल्या जागेत लिहिलं. थरकाप, नीतीच्या पलीकडे जाणं, कोणाला समजावून सांगता न येणं, हे सगळं त्या जागेत त्यानं भरलं, आणि विलक्षण भरलं. पण ते त्याचं आहे. उत्पत्तीतला अब्राहाम थरथरतो की नाही हे आपल्याला सांगितलेलंच नाही, आणि ज्याच्या मनात आपल्याला डोकावू दिलेलं नाही त्याला तत्त्वज्ञानाचं लेबल लावणं मला धाडसाचं वाटतं.

ईयोब माझ्या निकषावर बराच पुढे येतो. त्याचे मित्र विश्वाच्या व्यवस्थेची वकिली करतात : तू भोगतोस म्हणजे तुझं काहीतरी चुकलंच असणार. ईयोब मान्य करत नाही. शेवटी देव वावटळीतून बोलतो आणि ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. उलट बेचाळिसाव्या अध्यायात तो त्या मित्रांवरच रागावतो, की माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. व्यवस्थेच्या वकिलांना खुद्द देवच गप्प करतो! इतकं धीट लिखाण प्राचीन धर्मग्रंथांत क्वचित आढळतं. पण मग पुढच्या काही ओळींत मेंढरं, उंट, बैल, गाढवी, सगळं दुप्पट होऊन परत येतं, मुलंबाळं होतात, आणि गोष्ट सुखान्त होते.

येशूविषयी थोडक्यात. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' हा वधस्तंभावरचा आक्रोश निरर्थकतेची परमावधी म्हणून उद्धृत होतो. ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि ते स्तोत्र स्तुतीत संपतं. मरणाऱ्याच्या मनात पुढच्या ओळी होत्या का यावर वाद घालता येईल. पण ओळ कुठून आली हे विसरून तिच्यावर इमला बांधता येणार नाही. 1941 पासून जर्मन धर्मशास्त्रज्ञ बुल्टमाननं नव्या कराराचा अस्तित्वलक्ष्यी अर्थ लावायची जी मोहीम चालवली, ती या बाबतीत प्रामाणिक होती. मी अर्थ लावतो आहे, हे त्यानं कधी लपवलं नाही.

इथे एक भेद करायला हवा, कारण बरीचशी गल्लत तो न केल्यानं होते. कोणी अस्तित्ववादी असणं वेगळं, आणि अस्तित्ववादाचा उगमस्रोत असणं वेगळं. दुसरा दावा काही जणांच्या बाबतीत पुराव्यानिशी खरा आहे. हायडेगरनं फ्रायबुर्गमध्ये 1920-21च्या हिवाळ्यात आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाच्या गलती आणि थेस्सलनी इथल्या मंडळींना लिहिलेल्या पत्रांवर व्याख्यानं दिली, आणि 1921च्या उन्हाळ्यात प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनवर. प्रभूचा दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल, असं पौल लिहितो. कधी येईल ते विचारू नका, जागे राहा. 1927च्या ग्रंथात मृत्यूविषयी जे येतं त्याची पूर्वतयारी इथे दिसते. ऑगस्टीन तर तरुणपणी जिवलग मित्र गेल्यावर म्हणतो की मी स्वतःलाच एक मोठा प्रश्न होऊन बसलो. प्राचीन गद्यात स्वतःकडे असं वळून बघणारं लिखाण दुर्मिळ आहे. पण त्याच आत्मकथनाच्या पहिल्याच परिच्छेदात तो देवाला म्हणतो, आमचं हृदय तुझ्यात विसावेपर्यंत अस्वस्थ आहे. अस्वस्थतेचा मुक्काम पहिल्या पानावर ठरलेला आहे. हायडेगरनं अस्वस्थता घेतली, मुक्काम सोडून दिला. म्हणजे तोडकामाचा हा धंदा आजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला नाही.

हान्स योनासची हकीगत मी मुद्दाम जरा सविस्तर सांगतो, कारण आपला प्रश्न त्याच्यावर प्रत्यक्ष गुदरला होता. मारबुर्गमध्ये हायडेगर आणि बुल्टमान यांच्या हाताखाली शिकलेला हा विद्वान. त्यानं इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या, गूढ ज्ञानानं मुक्ती मिळते असं मानणाऱ्या नॉस्टिक पंथांचा अभ्यास हायडेगरच्या संकल्पना घेऊन केला आणि पहिला खंड 1934 मध्ये काढला. संकल्पना इतक्या बेमालूम बसल्या की जणू याच साहित्यासाठी घडवल्या होत्या. ख्रिस्ती लेखक अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनं जतन केलेलं व्हॅलेंटिनस-पंथीय नॉस्टिकांचं एक सूत्र बघा : मुक्त करतं ते ज्ञान, की आपण कोण होतो, काय झालो, कुठे होतो, कुठे फेकले गेलो, कुठे धावतो आहोत, कशातून सुटतो आहोत. 'फेकले गेलो'! हायडेगरच्या तत्त्वज्ञानातला मध्यवर्ती शब्द सतराशे वर्षं आधी हजर. त्या सूत्रात भूतकाळ आहे, भविष्यकाळ आहे, आणि थांबून राहण्याजोगा वर्तमानच नाही, हेही योनासच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसरा कोणी असता तर इथेच 'नॉस्टिक हे आद्य अस्तित्ववादी' असं जाहीर करून मोकळा झाला असता. योनासनं प्रश्न उलटा फिरवला. या संकल्पना इतक्या का बसल्या? त्या सर्व काळच्या सर्व माणसांना लागू पडतात म्हणून, की दोन्ही काळांत माणसाचं जगाशी असलेलं नातं सारखंच तुटलं होतं म्हणून? 1952च्या निबंधात त्यानं दुसरा पर्याय धरला, आणि मग फरकावर बोट ठेवलं. नॉस्टिकांचं जग वैरी आहे. ते एका अज्ञानी, खालच्या दर्जाच्या निर्मात्यानं बनवलेलं आहे, आणि त्याच्या पलीकडे खरा प्रकाश वाट बघतो आहे. आधुनिक माणसाचा निसर्ग वैरी नाही, तो नुसता उदासीन आहे. त्याला आपल्याशी देणंघेणंच नाही. वैऱ्याच्या कैदेतल्या माणसाला निदान पळायची दिशा असते. खरी अथांग पोकळी योनासला आधुनिक उदासीनतेत दिसली. आणि त्या सूत्राची सुरुवातच 'मुक्त करतं ते ज्ञान' अशी आहे, हे विसरू नका. फेकलं जाणं तिथे शेवटचा शब्द नव्हता.

तुकोबा प्राचीन नव्हेत, सतराव्या शतकातले. पण मराठीत हा प्रश्न विचारला की त्यांचं नाव येणारच, आणि यायलाही हवं. 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन' या ओळीवर कोणत्याही अस्तित्ववाद्यानं सही केली असती. पण पुरावा म्हणून हटकून दिली जाते ती दुसरी ओळ : 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता'. समूहाला झुगारून स्वतःच्या मनाला साक्षी ठेवणारा एकटा माणूस, किर्केगार्डचा 'एकटा' तो हाच, असं म्हणून लोक थांबतात. त्याच अभंगात दुष्काळ आहे, अन्न अन्न करत मेलेली बायको आहे, धुळीला मिळालेला मान आहे. म्हणजे पार्श्वभूमीही जुळते. पण पुढची ओळ आहे 'मानियेला स्वप्नीं गुरूचा उपदेश । धरिला विश्वास दृढ नामीं'. बहुमत मानलं नाही आणि गुरूचा उपदेश मानला, ही दोन विधानं तुकोबांनी शेजारी ठेवली आहेत. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. आपल्याला दिसते, आणि म्हणून आपण दुसरी ओळ गाळतो.

मरणाचंही तेच. 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां' एवढं ऐकलं की हायडेगर आठवतो : स्वतःच्या मृत्यूकडे न टाळता बघणं, तो दुसऱ्या कोणाला देता येत नाही हे ओळखणं. तुकोबा पुढे म्हणतात 'तो जाला सोहळा अनुपम्य'. आणि का, तर 'एकदेशीं होतों अहंकारें आथिला । त्याच्या त्यागें जाला सुकाळ हा'. हायडेगरकडे मृत्यूच्या जाणिवेनं माणूस चारचौघांतून सुटून अधिकाधिक 'स्वतः' होतो. तुकोबांकडे मेला तो तो 'स्वतः'च, आणि म्हणून त्रिभुवन आनंदानं दाटलं. शब्द सारखे, प्रवास उलट दिशेचा. तुकोबांना अस्तित्ववादी म्हटल्यानं त्यांचा मान वाढतो असं समजणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की त्यांना पॅरिसच्या शिफारसपत्राची गरज नाही.

मग यांना म्हणायचं काय? यास्पर्सनं एक वाट दाखवली आहे. तो अस्तित्वाच्या तत्त्वज्ञानातला मोठा माणूस, पण 1957च्या ग्रंथात सॉक्रेटिस, बुद्ध, कन्फ्यूशियस आणि येशू यांच्यावर लिहिताना त्यानं त्यांना आपल्या गटात ओढलं नाही. माणूस असण्याचं मोजमाप ज्यांच्यामुळे ठरलं अशी माणसं, असा त्यांचा वेगळा वर्ग केला. फ्रेंच अभ्यासक पिएर आदो दाखवतो की प्राचीनांकडे तत्त्वज्ञान ही मुळातच जगण्याची रीत आणि रोजची साधना होती. जगण्याशी जोडलेला विचार दिसला की आपल्याला तो अस्तित्ववाद वाटतो, याचं कारण मधल्या काळात तत्त्वज्ञान बरंचसं विद्यापीठांत जाऊन बसलं आणि अस्तित्ववाद्यांनी त्याला पुन्हा रस्त्यावर आणलं. साम्य खरं आहे, पण त्यासाठी शिक्का बुद्धावर मारण्याची गरज नाही. निबंध लिहिणार असाल तर 'अमुक अस्तित्ववादी होता' याऐवजी 'अमुक वचनाचं अस्तित्ववादी वाचन असं करता येतं, आणि ते या ओळीपाशी अडतं' अशी रचना करा. परीक्षक म्हणून मी अशा उत्तराला जास्त गुण दिले आहेत.

आता ते डळमळणं. हिब्रू बायबलमध्ये 'उपदेशक' नावाचं छोटं पुस्तक आहे, अभ्यासक ते बहुधा इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपासचं मानतात. सगळं व्यर्थ आहे, इथून ते सुरू होतं. शहाणा आणि मूर्ख दोघंही सारखेच मरतात. नीतिमान आपल्या नीतिमत्तेत नाश पावतो आणि दुष्ट दीर्घायुषी होतो. शर्यत वेगवानांची नसते, लढाई बलवानांची नसते, वेळ आणि योगायोग सगळ्यांना गाठतात. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा. देव आहे, त्यानं माणसाच्या हृदयात अनंतकाळाची ओढही घातली आहे, पण त्यानं काय केलं आहे याचा थांग माणसाला लागू दिलेला नाही. माझा निकष आठवा : आधीच ठरलेलं आणि माणसाला कळू शकेल असं काही पाठीशी आहे का? उपदेशक स्वच्छ 'नाही' म्हणतो. ठरलेलं असेलही, कळणार नाही.

पुढची ओळ वाचा, असं मी इतका वेळ सांगत आलो. ती इथेही आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटी : देवाचं भय धर आणि त्याच्या आज्ञा पाळ, हेच माणसाचं सर्व कर्तव्य. पण पुस्तकाच्या या अखेरच्या सहा ओळींत उपदेशकाचा उल्लेख अचानक त्रयस्थासारखा येतो. तो शहाणा होता, त्यानं लोकांना ज्ञान दिलं, वगैरे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते या ओळी दुसऱ्या हातानं, बहुधा मागाहून, जोडल्या आहेत. ते खरं असेल तर या एका ठिकाणी उत्तराची ओळच परकी ठरते आणि तोडलेलं अवतरण मूळ माणसाला अधिक प्रामाणिक राहतं.

तरीही त्याला अस्तित्ववादी म्हणताना माझी जीभ अडखळते, आणि ती त्या जोडलेल्या शेवटामुळे नाही. नवव्या अध्यायात, जो निर्विवाद त्याचाच, तो म्हणतो : जा, आनंदानं आपली भाकर खा, प्रिय बायकोबरोबर सुखानं राहा, हाताला लागेल ते काम सगळं बळ लावून कर, कारण तू जिथे चालला आहेस त्या अधोलोकात काम नाही, विचार नाही, ज्ञान नाही. हे सुख तो माणसाच्या वाट्याला आलेला हिस्सा मानतो. तो स्वतःला घडव म्हणत नाही, निवडीचा भार कोणाच्या खांद्यावर ठेवत नाही, बंड करायला सांगत नाही. सार्त्रच्या त्या विद्यार्थ्यानं त्याच्याकडे जाऊन 'आई की सैन्य' असं विचारलं असतं, तर त्याला यातलं काय उपयोगी पडलं असतं, ते मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.